आत्याबाईंची घंटी

मी गणित शिकवते. साकोलीच्या एका खाजगी शाळेत, आठवी ते दहावी. हे आधीच सांगून टाकते, कारण असले अनुभव वाचताना मी किती वेळा नाक मुरडलंय ते माझ्या नवऱ्याला विचारा. कुणाला मागून हाक येते, कुणाला विहिरीजवळ बाई दिसते... मी म्हणायची, नीट झोप घ्या रे बाबांनो. आज मीच लिहायला बसले आहे म्हणजे बघा. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा.

आम्ही एकोडीला राहतो. माझं माहेर शहापूरचं, हायवेला लागून. ट्रकच्या आवाजात वाढलेली मी, लग्न होऊन इथे आले तेव्हा शांततेमुळेच मला झोप येईना. आमचं घर गावाच्या एका टोकाला आणि आमच्या बांध्या — म्हणजे धानाचे वाफे — पार दुसऱ्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली. घरातून कितीही ओरडा, तिथे ऐकू जाणार नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरात माणसं मोजकी. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते. सासू, म्हणजे आत्याबाई. नवरा प्रशांत नागपूरला नोकरीला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे परत जातो. आणि मी.

आत्याबाई आणि मामाजींची एक पद्धत होती. सायंकाळी भाजी उतरवली की आत्याबाई पदराला हात पुसायच्या, कोनाड्यातला आपला छोटा फोन घ्यायच्या आणि मामाजींना घंटी द्यायच्या. आमच्याकडे मिस्ड कॉलला घंटीच म्हणतात. एक घंटी म्हणजे सैपाक झाला, घरी या. दोन घंट्या म्हणजे आज मासोळी आहे, लवकर या. मामाजी फोन कधीच उचलायचे नाहीत. घंटी वाजली की फावडं खांद्यावर टाकायचं आणि निघायचं, बस.

मी नवीन होते तेव्हा एकदा म्हटलं, "आत्याबाई, बोलून घ्या ना, दोन शब्द."

"कायले?" त्या म्हणाल्या. "बोलाचं काय आहे त्यात? घरी येऊन राहिला ना तो माणूस."

माझं आणि त्यांचं तसं सख्य होतं असं नाही हं. माझ्या भाजीत मीठ कमी असतं ही त्यांची कायमची तक्रार. मी फोडणी द्यायला उभी राहिले की त्या मागे येऊन उभ्या राहायच्या, बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मला इतका राग यायचा! आणि आता भाजी करताना मागे कुणी नसतं तर हात अडखळतो. माणसाचं काही खरं नाही.

आत्याबाई उन्हाळ्यात गेल्या. ताप आला आणि चार-आठ दिवसांत सगळं संपलं.

त्यानंतर मामाजींनी एक नवीनच सुरू केलं. सकाळी शेतात जायचे ते अंधार पडला तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहायचे. मी फोन केला तर उचलायचे, "येतो, येतो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. त्यांना शुगर आहे. गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, असं झालं की व्हायचं तेच झालं. एका सायंकाळी चक्कर येऊन बांधीत पडले. शेजारच्या शेतातल्या माणसांनी उचलून आणलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांचं जेवण वेळेवर झालं नाही तर पुढच्या वेळी असे सापडतीलच याची खात्री नाही."

प्रशांत रडकुंडीला आला. नोकरी सोडून येतो म्हणाला. मी म्हटलं, थांब, मला एक सुचतंय.

आत्याबाईंचा फोन चार्जिंगच धरत नव्हता, पण सिम होतं. माझा फोन ड्युअल सिमचा, दुसरा स्लॉट रिकामाच. मी त्यांचं सिम त्यात टाकलं आणि मामाजींना स्पष्ट सांगितलं, "आता घंटी मी देत जाईन. आत्याबाईंच्याच नंबरवरून. आणि तुम्ही यायचं."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी भाजी उतरवली, सिम दोन निवडलं, त्यांचा नंबर लावला, लगेच कट केला. थोड्या वेळाने अंगणात बादलीचा आवाज. मामाजी पाय धूत होते... मी ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून रोज तसंच. पाऊस आला, रोवणे म्हणजे धानाची लावणी झाली, धान पोटरीला आलं. रोज मी घंटी द्यायची आणि मामाजी यायचे. जेवण वेळेवर, शुगर ताब्यात. आमची सगळ्यांची काळजी मिटली.

मग माझ्या फोनला रोग लागला. प्रशांतने फोन केला की कधी 'स्विच ऑफ', कधी 'संपर्क क्षेत्राबाहेर'. फोन माझ्या हातात, चालू, आणि हा तिकडे नागपुरात चिडतोय. व्हॉट्सॲपवर भांडायचा, "तुझा फोन काहून बंद येऊन राहिला?" शाळेतूनही तक्रार आली. मग त्याच्या सांगण्यावरून सगळे उपाय केले. एअरप्लेन मोड लावून काढला. फोन बंद करून चालू केला. ट्रे काढून दोन्ही सिम खोडरबरने घासली. कॉलसाठी कायमचं सिम एक ठरवून पाहिलं. नेटवर्क सेटिंग रिसेट केली, त्यात घरच्या वायफायचा पासवर्डही उडाला. फरक काही नाही.

शेवटी शाळा सुटल्यावर साकोलीच्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार गालात तंबाखूचा खर्रा धरून सगळं ऐकत होता. दोन्ही सिम काढली, एकेक करून स्वतःच्या फोनमध्ये टाकून पाहिली.

"मॅडम, हे दुसरं तं बंद आहे."

"नेटवर्क नसेल."

"नेटवर्क नाही मॅडम, सिमच बंद झालं. रिचार्ज नाही मारला ना कोणी? नंबर कटला. लय दिवस झाले असतील. तुमचा फोन त्याचंच नेटवर्क ढुंढत बसते, म्हणून पहिल्याचे कॉल सुटून राहिले. हे काढून टाका, फोन चकाचक."

मी हसले. म्हटलं, "अहो, मी रोज कॉल करते यावरून. कालच केला."

त्याने दुकानाच्या फोनवरून आत्याबाईंचा नंबर लावला, स्पीकरवर. रेकॉर्डिंगमधली बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही.

मी स्टुलावर बसून हिशोब लावला. रिचार्ज प्रशांतने केला असेल असं मला वाटत होतं आणि त्याला वाटत होतं मी केला. दुसऱ्या सिमच्या दांड्यांवर फुली दिसायची, पण आमच्या गावात नेटवर्क असतं तरी कधी धड! आणि मुख्य म्हणजे, घंटी देताना फोन कानाला कोण लावतं? नंबर लावायचा आणि कट करायचा. पलीकडे वाजलं की नाही हे आत्याबाईंनी कधी ऐकलं नव्हतं आणि मीही नाही. समोरचा माणूस घरी आला म्हणजे वाजली, एवढाच पुरावा. गणिताच्या बाईला लाज वाटावी असं आहे हे.

मग एवढे दिवस मामाजी कशाच्या जोरावर येत होते?

सिम पर्समध्ये टाकून घरी आले. स्वयंपाक करताना ठरवत होते की आज आपल्या नंबरवरून घंटी देऊ, बघू येतात का. वांग्याची भाजी उतरवली, हात पुसले, फोन घ्यायला वळले तर अंगणात बादलीचा आवाज.

"मामाजी, घंटी आली?"

"आली ना. काहून? तूच तं देतेस."

मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. सिम काढून तळहातावर ठेवून दाखवलं. त्यांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. वाढ आता."

प्रशांतला सांगितलं तर तो म्हणाला, तुझा फोन आपोआप सिम एकवरून लावत असेल. कंपनीच्या ॲपवर माझ्या नंबरचे कॉल काढून पाहिले, त्या वेळेला मामाजींना गेलेला एकही नाही. मामाजींच्या फोनमध्ये बघावं तर त्याचा डिस्प्ले केव्हाचाच काळा पडलेला. ते म्हणायचे, मले काय पाहाचं आहे त्यात, घंटी आयकू येते ना. मग मी म्हटलं, दुसरा स्लॉट रिकामा झालाच आहे, मामाजींचं सिम माझ्याच फोनमध्ये टाकते. घंटी आली तर नंबर दिसेल. एकदाचा निकाल लागू दे.

पहिल्या दिवशी त्यांना घरीच बसवलं. मी भाजी केली, उतरवली, फोन समोर ठेवला. दोघं बघत बसलो. काही नाही.

"बघा," मी म्हटलं.

मामाजी हसले. "मी घरीच आहो ना बाई. घरच्या माणसाले कोणी घंटी देते का?"

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन त्यांच्याबरोबर मीच शेतात गेले. धुऱ्यावर बसलो. तलावावर बगळे उतरत होते, धानाचा वास सुटला होता. अंधारून आलं तरी फोन गप्प. मी पुन्हा, "बघा."

"तू इथं येऊन बसली. घरी सैपाक कोण करून राहिलं? कायची घंटी देईल ते?"

मला राग आला आणि हसूही आलं. शाळेत पोरांना मी सांगते, प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे काहीही बदललं की मामाजींकडे उत्तर तयार. आणि उत्तर चूक आहे असं मला सिद्ध करता येईना. मी त्यांचं सिम त्यांच्या फोनमध्ये परत टाकून दिलं.

त्यानंतरचा रविवार. प्रशांत घरी होता. माझा फोन त्याच्याजवळ, तो पुढच्या खोलीत क्रिकेट बघत होता. आत्याबाईंचं सिम मी त्यांच्या कुंकवाच्या डबीत ठेवलं होतं. मामाजी शेतात. सायंकाळी शेजारच्या लक्ष्मीकाकू ताटली घेऊन आल्या, तलावातल्या ताज्या मासोळ्या. "खा वो बाई, बुढ्यालेही घाल. तुझी सासू गेल्यापासून त्यानं तोंडाले लावली नसन."

खरं होतं ते. आत्याबाई गेल्यापासून आमच्या घरात मासोळी शिजली नव्हती. मामाजीच नको म्हणायचे आणि मला काही ती नीट जमत नाही. त्या दिवशी मात्र केली. आत्याबाई करायच्या तशी, चिंचेचं पाणी घालून. मीठ घालताना थोडं थांबले आणि आणखी एक चिमूट टाकलं.

रस्सा अजून उकळत होता. अंगणात बादलीचा आवाज झाला. रोजच्यापेक्षा कितीतरी लवकर.

मामाजी ओले पाय घेऊन सरळ स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मासोळी आहे ना? दोन घंट्या वाजल्या."

प्रशांत टीव्ही सोडून उठून आला. त्याच्या हातात माझा फोन होता. त्याने कॉलची यादी उघडली, बघितली आणि मला दाखवली. दिवसभरात त्यावरून एकही कॉल गेला नव्हता. मग तो लक्ष्मीकाकूंकडे धावला. त्यांना मामाजी भेटलेच नव्हते, त्या दिवसभर गावाच्या याच टोकाला होत्या. वासाचं म्हणाल तर तलावाच्या पाळीपर्यंत माझ्या रश्श्याचा वास जाईल अशी माझी ख्याती नाही.

मामाजी पाटावर बसले. मी वाढलं. प्रशांत त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, आई गेली ना."

"मले मालूम नाही का?" मामाजी म्हणाले. घास खाली ठेवला. "मीच नेली तिले. तुमाले वाटते मी भरमिष्ट झालो. नाही झालो. मले मालूम आहे ते गेली. पण घंटी आली का उठा लागते ना."

मग घास उचलून खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ बरोबर झालं आज."

मी डाळ बघायच्या निमित्ताने ओट्याकडे वळले.

आता तुम्ही म्हणाल — सवय असेल, योगायोग असेल, शरीराचं घड्याळ असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून झालेलं आहे. रोजच्या एका घंटीला सवय म्हणता येईल. त्या दोन घंट्यांना काय म्हणू, ते मला आजवर कळलेलं नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. टिंगल केली तरी चालेल, मीही खूप केली आहे.

माझा फोन आता उत्तम चालतो. दुसरा स्लॉट रिकामाच आहे. परवा शाळेत मीटिंग लांबली, घरी यायला उशीर झाला, स्वयंपाकालाही. मी घाबरून भराभर भाजी चिरली, मामाजी तिकडे उपाशी बसले असतील म्हणून. त्या दिवशी ते उशिराच आले. पाय धुताना म्हणाले, "आज घंटी लेट आली."

"हो मामाजी," मी म्हटलं, "कुकर उशिरा लागला."

घंटी मी देत नाही. मी फक्त भाजी वेळेवर उतरवते, आणि मामाजींना पाय धुवायला अंगणातली बादली भरून ठेवते.