आधी हसून घ्या

माझी वहिनी बाळंतपणं करणारी डॉक्टर. लाजणं तिच्या गावीही नाही. शाळेत जाऊन ती पोरांना शरीराचे, वयात येण्याचे धडे देते. आता तिचे केस पिकलेत, तिच्या पहिल्या वर्गातल्या पोरींच्या पोरी तिच्या वर्गात बसतात. पण सुरुवातीला आमच्या भागात असलं काही कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

झालं असं, की तिच्या दवाखान्यात एक शाळकरी पोर आली. आपलं पोट का वाढतंय, हेच बिचारीला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी वहिनी घरी आली ती पर्स खुर्चीत आपटतच. "कंपास कसा धरायचा ते शिकवतात, आणि हे नाही?" दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिने वर्गच मागितला.

तिची पद्धतच न्यारी. फळ्यावर अवयवांची खरी नावं लिहायची, हात झटकायचे आणि म्हणायचं, "आधी हसून घ्या. पोटभर. मग बोलू." पोरं-पोरी बाकांवर डोकं टेकून खिदळायची. ही खिडकीशी उभी राहून आरामात शेंगदाणे खायची. हसू संपलं की मात्र एकेक प्रश्न असा यायचा, की काय सांगू!

शेजारी तिला 'चावट डॉक्टर' म्हणायला लागले आणि माझ्या आईने सुनेशी बोलणंच टाकलं. "तुझ्या वहिनीला सांग, मीठ दे." अहो, वहिनी समोरच बसलेली! मी आपली मधली पोस्टमन.

मग पालकांनी तक्रार केली. शाळेने सभा बोलावली. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हात वर करून ठरणार होतं. सभेत तिने नेहमीसारखे शब्द लिहिले. "आधी हसून घ्या." कुणी हसेना. एक कोटवाले वडील ताडकन उठले. "आमच्या घरात असले शब्द उच्चारत नाहीत!" टाळ्या पडल्या. बुडालं सगळं, मला रडूच आलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आई उभी राहिली. ती आलीय हे मला माहीतच नव्हतं. म्हटलं, आता ही आगीत तेल ओतणार.

"मला पहिल्यांदा पाळी आली," आई म्हणाली, "तेव्हा वाटलं, आपण मरणार. विचारायची सोय नव्हती. मग मी माझ्या वस्तू वाटून टाकल्या. नव्या चपला मैत्रिणीला दिल्या. मण्यांची माळ बहिणीला. आणि अंथरुणावर जाऊन पडले, मरणाची वाट बघत."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. आईसुद्धा. "हसा, हसा. माळ अजून परत मिळाली नाही मला!"

हसू ओसरलं तेव्हा कितीतरी बायका पदराने, ओढणीने डोळे पुसत होत्या. मग हात वर झाले. कोटवाल्यांच्या बायकोने नवऱ्याकडे न बघताच केला. वर्ग वाचला.

घरी परतताना आई कितीतरी दिवसांनी थेट वहिनीशी बोलली.

"पोरींना नीट समजावून सांग हं. कुणीही आपल्या वस्तू वाटायच्या नाहीत."

वहिनीने आईचा हात धरला, तो घरापर्यंत सोडलाच नाही.