यादीबाईंनी गाळलेली ओळ

इस्पितळाच्या हजेरीपटावर त्यांचं एक खरं नाव होतं, पण ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांच्या तोंडी त्या यादीबाई. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तोंडावरच तसं म्हणत आणि त्याही निमूट ओ देत. घरी नवरा म्हणे, "बायकांना सवत असते हे ऐकून होतो. मला पुरुषासारख्या पुरुषाला सवत मिळाली, ती ही यादी." त्यावर त्या हसत आणि पुन्हा कागदात डोकं घालत.

ही यादी म्हणजे काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं. बाजारात औषधं हजारोंनी. एकाच औषधाची वीस-वीस नावं, आणि प्रत्येक कंपनीचा माणूस आपलंच घोडं पुढे दामटणार. सगळीच ठेवायची म्हटली तर औषधांसाठी दुसरं इस्पितळ बांधावं लागेल. म्हणून एक समिती बसते. कुठलं औषध खरोखर गुण देतं, कुठलं कमी त्रासाचं, कुठलं परवडतं आणि कुठलं नुसतंच नवीन कपडे घालून आलेलं जुनं, हे पाहते आणि निवडक औषधांची यादी करते. डॉक्टरांनी त्यातलंच लिहायचं. यादीबाहेरचं हवं असेल तर कारणासह अर्ज. या समितीच्या चिटणीस यादीबाई. कुणी नव्या औषधाची तारीफ करत आलं की त्या शेवटपर्यंत ऐकून घेत आणि विचारत, "बरं, मग बाहेर कोण जाणार?" कारण एक आत घ्यायचं तर एक बाहेर, हा त्यांचाच दंडक. भल्याभल्यांची बोलती तिथे बंद होई.

काम चोख होतं यात शंका नाही. त्यांच्या यादीमुळे कित्येकांच्या पोटात नको ती औषधं गेली नाहीत. पण न घडलेल्या गोष्टीची नोंद होत नाही, घडलेलीच मानेवर बसते. यादीबाईंच्या मानेवर एक शिंपी बसला होता.

औषधांच्या तीन नंबरच्या खिडकीसमोर भिंतीला लागून एक लांब बाक आहे. बारा वर्षांपूर्वी तो शिंपी त्या बाकाच्या टोकाला येऊन बसे. त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात कामातून गेला, गिळणं अवघड झालं आणि मागाहून फिटा सुरू झाल्या. फिटांसाठी त्याला इथून पातळ औषध मिळे, दिवसातून तीनदा चमच्याने घ्यायचं. मुलगी खिडकीशी रांगेत उभी राही आणि तो बाकावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे डोळ्यांनी मापत बसे. एकदा त्याने यादीबाईंना जवळ बोलावलं आणि जड जिभेने म्हणाला, "बाई, तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. कोणी शिवलाय हो, न्हाव्याने?" यादीबाई दिवसभर हसत होत्या.

त्या वर्षी यादीची नवी आवृत्ती निघाली. यादी छाटायची होती आणि यादीबाईंची कात्री जोरात चालली होती. एकाच औषधाच्या दोन ओळी एकाखाली एक दिसल्या. एक गोळी, एक पातळ. पातळ औषध महिन्याला मोजून नऊ माणसं नेत. नाव तेच, काम तेच, मग दोन ओळी कशाला? त्यांनी खालची ओळ गाळली. समितीने चहा संपायच्या आत मंजुरी दिली. राहिलेली गोळी होती ती सावकाश विरघळणारी. सकाळी एक घेतली की दिवसभर थोडी थोडी अंगात उतरत राहणारी. हे यादीबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. नावापुढे दोन बारीक अक्षरांत ते लिहिलेलंच होतं. पण यादी करणारा माणूस नावं वाचतो, घसे बघत नाही.

पुढच्या महिन्यात शिंप्याची मुलगी आली. खिडकीवरची मुलगी रजेवर होती, म्हणून यादीबाई स्वतः बसल्या होत्या. मागे लांबच लांब रांग.

"ताई, या गोळ्या आहेत. बाबांचं तर पातळ असतं."

"पातळ आता येत नाही. औषध तेच आहे."

"त्यांना गिळता नाही येत हो."

"कुटून द्या," यादीबाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली.

नऊ दिवसांनी शिंपी गेला. मुलगी उरलेलं औषध परत करायला आली तेव्हा सांगत होती. गोळी दिली की बाबा दिवसभर गुंगीत असायचे, नवव्या दिवशी पहाटे जी फीट आली ती थांबलीच नाही. कुटलेली गोळी सगळी एकदम अंगात उतरते आणि पहाटेपर्यंत काहीच उरत नाही. यादीबाईंच्या हातातली पाकिटं तिथेच थबकली. त्या वेळी त्यांना कळलं, पण समोरच्या पोरीला काही कळलं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर वय लिहिलं, झटका लिहिला आणि फाइल मिटली. आणि ती पोर डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसं रोज बारीक कुटून, कपड्यातून गाळून दिलं. एक दिवस चुकवलं नाही. तेवढंच समाधान."

या शेवटच्या वाक्याने यादीबाईंचं तोंड शिवलं गेलं.

भूतखेत मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पण तेव्हापासून बाकाच्या त्या टोकाला त्यांना कुणीतरी बसलेलं दिसे. मान वर केली की तिथे कुणी नसे, किंवा भलतीच बाई पोर मांडीवर घेऊन बसलेली असे. मान खाली घातली की पुन्हा तोच, आणि नजर यांच्या डाव्या खांद्यावर. त्यांनी तो कोट टाकून दिला, नवा शिवला, तरी खांदा उतरल्यासारखाच वाटे. स्वयंपाकघरात नवऱ्याने खलात काही कुटायला घेतलं की त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहत. नवरा म्हणे, "एवढं काय? बत्ता माझ्या हातात आहे, तुझ्या डोक्यात नाही." त्याला सांगितलं असतं तर त्याने समजूत घातली असती, आणि समजूत त्यांना नको होती.

आणि मुलगी दर महिन्याला येतच होती, आता स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. दरवेळी आवर्जून खिडकीत वाकून विचारी, "ताई, बऱ्या आहात ना?" तो प्रश्न ऐकायला लागू नये म्हणून त्या तारखेला यादीबाई आत कपाटं लावायला जात.

असं नाही की त्या नुसत्या हातावर हात ठेवून बसल्या. पुढच्या आवृत्तीत त्यांनी त्या गोळीपुढे गुपचूप लिहिलं, 'फोडू नये, कुटू नये.' ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी यादीबाहेरचा अर्ज आला की स्वतः टेबलाटेबलावर फिरवून आणत, तरी आठवडा जाई. पातळ औषधाची ओळ परत घ्यावी असं मात्र त्यांनी कधी सुचवलं नाही. कारण नियम होता की एकदा गाळलेलं परत घ्यायचं तर गाळल्याने काय नुकसान झालं ते लेखी दाखवायचं. नियमाखालची सही त्यांचीच होती. नुकसान लिहायचं तर शिंपी लिहावा लागला असता, आणि शिंपी लिहिला की त्या पोरीला कळलं असतं की ती नऊ दिवस स्वतःच्या हाताने काय कुटत होती. तिचं तेवढं समाधान आपण का हिरावून घ्यायचं, असं त्या मनाला सांगत. मन ऐके. मनाला तरी दुसरं काय हवं होतं?

मग यंदा मेंदूविकारांची नवी डॉक्टरीण आली. तिने पहिल्याच बैठकीत अर्ज टाकला की फिटांचं पातळ औषध यादीत परत हवं. तिच्या वॉर्डात एक बाई होती, घशाचं ऑपरेशन झालेली, आणि तिचा यादीबाहेरचा अर्ज टेबलाटेबलावर फिरत असताना आठ दिवसांत तिला तीन फिटा येऊन गेल्या होत्या.

समितीचे अध्यक्ष, म्हणजे मोठे डॉक्टर, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण बारा वर्षांत हे औषध नाही म्हणून कुणाचं काही बिघडल्याची एक नोंद नाही. काय बाई, आहे का एखादी?"

हा प्रश्न नेहमीचाच होता आणि उत्तरही नेहमीचंच, 'नाही.' चिटणीस म्हणून ते किती वेळा दिलं असेल त्याला गणती नाही. नवी डॉक्टरीण आशेने त्यांच्याकडे बघत होती. यादीबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "नोंद नाही. पण माणूस आहे. होता."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. ओळ, रांग, ते दोन शब्द, नऊ दिवस. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसती लाज वाटली, अंगभर.

मोठ्या डॉक्टरांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि परत ठेवली. "बाई, आजारीच होता तो. तो कशाने गेला हे आज कोण सांगणार? आणि तुमच्या निवृत्तीला सहा महिने राहिलेत. मी यातलं काय लिहू?"

"लिहायचं मलाच आहे, साहेब. चिटणीस मीच."

"आणि नोंद झाली की घरच्यांना कळवावं लागतं."

"तोही नियम माझाच आहे."

ओळ परत आली. त्याच दिवशी त्या घशाच्या बाईला पातळ औषध सुरू झालं. यादीबाईंनी बैठकीचा वृत्तांत स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतःच्या नावासकट, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पत्ता शोधत निघाल्या. पत्र पाठवता आलं असतं. पण एवढं वाईट काम पोस्टावर ढकलायला त्यांचं मन धजेना.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. शिंप्याच्या मुलीने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "अगंबाई, ताई तुम्ही! या, या. मी कामावर निघतच होते. बसा की."

यादीबाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, आडपडदा न ठेवता. ती गोळी कुटायची नव्हती. मला माहीत होतं. रांग मोठी होती म्हणून मी थांबून विचार केला नाही. चूक माझी, तुझी नाही.

मुलगी खुर्चीची पाठ धरून म्हणाली, "म्हणजे ते दिवसभर झोपून असायचे ते..."

"हो."

"मी सगळ्यांना सांगायची, बाबांना आता बरं वाटतंय, शांत झोप लागते."

यादीबाईंनी मान खाली घातली. आता ती 'बाहेर व्हा' म्हणेल, ओरडेल, अंगावर येईल, आणि यायलाच हवं, असं त्यांना वाटलं. पण मुलगी वळून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कामावर न्यायची पिशवी होती. तिने पिशवी टेबलावर उलटी केली. गोळ्यांच्या पट्ट्या, तीन डब्या, आणि रुमालात गुंडाळलेला छोटा खलबत्ता.

"मी म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जाते, ताई. तीन घरी. बाबांच्या वेळी तुम्ही शिकवलंत ना, तेव्हापासून ज्यांना गिळता येत नाही त्या सगळ्यांना मी कुटूनच देते. आमच्यातल्या दुसऱ्या बायकांनाही मीच शिकवलंय." तिने एक पट्टी उचलून पुढे केली. "ही?"

यादीबाईंनी चष्मा लावला. बारा वर्षं जे समाधान त्या राखत बसल्या होत्या, ते घरोघर फिरत होतं. "ही चालेल."

"ही?"

"चालेल."

"ही?"

नावापुढे तीच दोन बारीक अक्षरं. औषध वेगळं, हृदयाचं. "ही नाही."

"ही पुलापलीकडच्या आजींची. आज सकाळीच दिली, आठ वाजता."

"चप्पल घाल," यादीबाई म्हणाल्या. "त्यांच्या घरी आत्ता कोण आहे? फोन लाव, चालता चालता लाव. चक्कर येते का विचार, एकटं उठू देऊ नका म्हणावं."

जिना उतरता उतरता फोन झाला. आजी झोपून आहेत, हाक मारली की ओ देतात, असं सून म्हणाली. मुलीने फोन पदराखाली धरला आणि मागे न बघता बोलली, "गेल्या वर्षी एक आजोबा होते."

यादीबाईंनी विचारलं, "त्यांना कुठल्या गोळ्या होत्या?"

मुलीला नावं पाठ होती. उतरता उतरता ती एकेक सांगत गेली.