डावा पाय

नव्या प्लॅस्टिकचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला असताना मी परदेशातून एका सुपरहिरोचा पुतळा मागवला होता, वीतभर उंच, लाल केपवाला, बोटंसुद्धा वळणारा. रंग कुठं फिसकटलाय का, सांधे ढिले आहेत का, सगळं भिंग घेऊन तपासलं आणि 'अस्सल माल' म्हणून खोलीवर येईल त्याला दाखवत सुटलो. त्यातच लोह्याहून मामा आले. त्यांची हयात बैल पारखण्यात गेलेली. त्यांनी न विचारता पुतळा स्टँडवरून उपसला, पायांवर अंगठा फिरवला आणि सरळ फरशीवर उभा केला. तो तोंडावर आपटला. पुन्हा उभा केला, पुन्हा आपटला. "डावा पाय आखूड हाय. फसलास की रे," मामा म्हणाले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, बैल न्हाई हा! ह्याला औताला जुंपायचं न्हाई, नुसतं बघायचं असतंय!" मामा शांतपणे म्हणाले, "बघायचंय म्हणून लंगडं घ्यावं का?" खोलीवर जमलेले मित्र फिदीफिदी हसले. तो राग अजून गेलेला नाही. पण नवा पुतळा आला की मी आधी दार लावून घेतो, स्टँड बाजूला ठेवतो आणि त्याला फरशीवर उभा करतो.