मृणालने वगळलेलं वाक्य

शनिवारी सकाळी एडिसनच्या लायब्ररीतल्या छोट्या हॉलमध्ये मी आमच्या ॲपच्या मीटिंगसाठी खुर्च्या लावत होते. मृणालच्या नवऱ्याचा, हेमंतचा फोन आला. "अलकाताई, मृणाल गेली. पहाटे." आणि मी त्याला म्हणाले, "बरं, मग मीटिंग अकराला ठेवते." खरंच असं म्हणाले. फोन ठेवून उरलेल्या खुर्च्या लावल्या, कुणी अडखळू नये म्हणून प्रोजेक्टरची वायर जमिनीला चिकटवली. मग ग्लोरिया कॉफी घेऊन आत आली, माझ्याकडे बघून जागीच थांबली आणि तिने एवढंच विचारलं, "कोण?" तिला नाव सांगून मी नुकत्याच लावलेल्या एका खुर्चीत बसले.

याला आता काही आठवडे झाले. दिवस झाले, इंडियातले फोन झाले, तिच्या ऑफिसातून सामान आणून झालं. काम समोर आलं की ते ओळीने लावून उरकायचं, ही माझी सवय. मृणाल मला त्यावरून हेडमास्तर म्हणायची. पण चाळिशीतली धडधाकट बाई पुण्याहून परत येते काय आणि आठवड्याच्या आत नाहीशी होते काय... हे अजून कुठेच लावता आलेलं नाही.

आमची ओळख २००१ सालची, जर्सी सिटीतली. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायची मशीनं होती, तिथली. आम्ही दोघी नवऱ्यांच्या व्हिसावर आलेल्या, नोकरी करायची परवानगी नाही. एका मशीनवर तिने सुबक अक्षरात चिठ्ठी लावली होती : 'हे मशीन नाणं खातं आणि गप्प बसतं.' खाली मशीनचं रुसलेलं तोंड काढलेलं. मी म्हटलं, ही बाई ओळखीची हवी. ती पुण्याहून डिझाइन शिकून आली होती. पुढे दोघींना कामं मिळाली, तिला कॉम्प्युटरच्या स्क्रीन आखायचं आणि मला त्या तपासायचं, आणि दोघीही एडिसनला राहायला आलो.

ग्लोरिया न्यूअर्कची, निवृत्त कृष्णवर्णीय नर्स. डॉक्टरांसमोर गोऱ्या बायकांचं दुखणं एका वाक्यात खरं ठरतं आणि आमच्यासारख्यांचं दहा वाक्यांतही ठरत नाही, हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. तिच्या कल्पनेतून आमचं ॲप निघालं. हातात मावणारं छोटं यंत्र, प्लास्टिकच्या पेनने टिचकी मारायची. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाईने आपल्या भाषेतली वाक्यं ऐकून हवी ती निवडायची. डॉक्टरांना तीच इंग्रजीत दिसणार. मराठी आवाज मृणालचा.

पहिली चाचणी माझ्याकडच्या हळदीकुंकवाला झाली. वाण देण्याआधी प्रत्येकीच्या हातात यंत्र दिलं. दुखणं एक ते दहामध्ये किती, असा प्रश्न होता. झाडून सगळ्यांनी तीन निवडलं! नागपूरहून लेकीकडे आलेल्या कुसुममावशींचा गुडघा इतका सुजलेला, की त्यांना खाली बसता येत नव्हतं. त्यांनीही तीनच.

"मावशी, खरं सांगा ना," मृणाल म्हणाली.

"अगं, सात म्हटलं तर डॉक्टरला वाटेल बाई नाटकी आहे. आणि दहा तर बाळंतपणाला ठेवलेलं असतं."

सगळ्या हसल्या. मृणाल हसली नाही. तिने आकडे काढूनच टाकले आणि त्या जागी कामं घातली. कुकर उचलता येत नाही. अंबाडा घालायला हात वर जात नाही. ग्लोरियाच्या चर्चमधल्या बायकांसाठी : गाताना उभं राहवत नाही. मावशींनी पुढच्या खेपेला पाच वाक्यांवर टिचक्या मारल्या. "हे बरंय," म्हणाल्या, "यात तक्रार केल्यासारखं वाटत नाही."

भांडण झालं ते शेवटच्या स्क्रीनवरून. ग्लोरियाला तिथे एक वाक्य हवं होतं : 'तुम्ही ही तपासणी करणार नसाल, तर तसं कारणासकट माझ्या फाइलमध्ये लिहा.' तिच्या अनुभवात हे ऐकलं की डॉक्टर पुन्हा खुर्चीत बसतात. मृणालने ते बायकांना दाखवलं. आपल्या एकाही बाईने त्याला हात लावला नाही. एकीने तर यंत्र घाईघाईने उलटं ठेवलं.

"डॉक्टरांना असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही गं," मृणाल म्हणाली. "मीसुद्धा म्हणणार नाही. जे वाक्य कुणी वापरणार नाही, ते ठेवून काय करायचं?"

"हनी, ते मी बायकांना आवडावं म्हणून ठेवत नाहीये," ग्लोरिया म्हणाली.

चाचणी मृणालच्या बाजूने होती. वाक्य गेलं. त्या जागी तिचं मऊ वाक्य आलं : 'अजून काही तपासायला हवं का?'

पुण्याहून आल्यावर तिला धाप लागायला लागली. हेमंत तिला इमर्जन्सीत घेऊन गेला. नंतर त्याने मला सगळं सांगितलं, पुन्हा पुन्हा, त्याच क्रमाने. ती गप्प बसली नव्हती. लपवलंही नाही काही. जिना चढवत नाही, वाक्य पुरं करायला श्वास पुरत नाही, डावी पोटरी दुखते, नुकताच लांबचा विमानप्रवास झालाय... सगळं स्वच्छ इंग्रजीत, आम्ही बायकांना शिकवत होतो तसं. डॉक्टर तरुण होता, नम्र होता. प्रवासाचा शीण आहे, मनावर ताण आहे, म्हणाला.

"मग तिने विचारलं ना ताई," हेमंत म्हणाला. "अजून काही तपासायला हवं का, म्हणून. तो म्हणाला, नको. ही म्हणाली, थँक यू डॉक्टर. गाडीत बसल्यावर मला म्हणते, बिचारा किती दमलेला दिसत होता."

पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. ते नंतर कळलं.

ग्लोरिया 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही. फक्त पुढच्या मीटिंगमध्ये म्हणाली, ते वाक्य परत घालायचं. सगळ्या भाषांत. प्रश्न मराठीचा होता. कुणीतरी ते बोलायला हवं होतं.

हेमंतने मला त्यांच्या बेडरूममधलं कपड्यांचं कपाट दाखवलं. माणूस आत मावेल एवढं. मृणालचं रेकॉर्डिंग तिथे चालायचं, हे मला ठाऊक नव्हतं. दोन्हीकडे साड्या आणि थंडीचे कोट दाटीने टांगलेले, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. मधल्या हँगरला परकराच्या नाडीने बांधलेला माइक, बसलेल्या माणसाच्या तोंडाशी येईल असा. बसायला रिकामी बॅग, तिला विमानाचा टॅग अजून तसाच. मी बॅगेवर बसले. हेमंतने बाहेरून दार लावलं. काळोखात तिच्या शालीचा वास आला. तो बाहेर थांबून राहिला.

मग मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि म्हणाले, "तुम्ही ही तपासणी करणार नसाल, तर प्लीज तसं कारणासकट माझ्या फाइलमध्ये लिहा."

दारावर हलकेच टकटक झाली.

"ताई," हेमंत म्हणाला, "त्यातलं प्लीज काढा."

मी ते पुन्हा म्हटलं.