हाकलला तरी न जाणारा

देवीवर माझी श्रद्धा होती, पण त्या साली आमचं दोघींचं जरा बिनसलंच होतं. लहानपणी पोलिओने डावा पाय नेला, पन्नाशीपर्यंत एका कुबडीवर निभावलं. मग आई गेली आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात मी एकटी उरले. मुंबईचा धाकटा भाऊ म्हणाला, "गो ताय, आता एकदा जरी पडलीस ना, तर घराला कुलूप आणि तू माझ्याकडे." चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्या आठवूनच माझा जीव गुदमरायचा. रोज देवीला विनवायचे, आई, हाताशी एखादं माणूस दे, मला माझ्या घरात राहू दे. माणूस काही आलं नाही. आला तो एक तांबडा, कान फाटलेला, अट्टल चोर कुत्रा.

अंगणात खारे बांगडे सुकत घातले की हा हजर. माझा राग म्हणजे आधीच नाकावर! हातातली कुबडी त्याच्यावर भिरकावायचे. कुबडी लांब जाऊन पडायची आणि मी जिथल्या तिथे भिंत धरून उभी. मग काय, अडला हरी! "ये रे बाळा, आण ती इकडे," म्हणत बांगड्याचं शेपूट दाखवायचं. तो कुबडी ओढत आणायचा, शेपूट खाऊन जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारच्या वहिनी हसायच्या, "बाई, तुम्ही त्याला मारताय की शिकवताय?"

शिमग्यात पालखी घरी यायची होती, त्या सकाळी पायरीवर बसून रांगोळी काढली आणि उठताना घसरले ती थेट अंगणात. कुबडी उतारावरून पार माडाच्या बुंध्यापर्यंत गेली. तेवढ्यात पालखीसाठी मुंबईहून येणाऱ्या भावाची रिक्षा वळणावर वाजली. संपलं, म्हटलं. आई, आता तुझ्या मनात असेल ते कर. खरंच सगळं सोडून दिलं मी, आणि रडू आलं. बघते तर तो चोर कुबडी ओढत येतोय. येऊन समोर बसला. द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, तरी हलला नाही मेला. त्याच्या पाठीचा आधार घेऊन मी उठले. भाऊ आला तेव्हा मी उभी होते.

"पांढरी का झालीस गो?"

"रांगोळी सांडली," मी म्हटलं.

पण दुपारी पालखी अंगणात बसली, गुरवबुवा घरासाठी देवीला गाऱ्हाणं घालू लागले, तेव्हा मला राहवेना. देवीसमोर खोटं कसं पचणार? सगळ्या वाडीसमोर बोलले, "थांबा बुवा. मी सकाळी पडले. मला ह्याने उठवलं." ढोलांना घाबरून कुत्रा माझ्या पायांशी दडला होता. भावाने वाकून त्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला. मग डोळे पुसून म्हणाला, "बुवा, गाऱ्हाण्यात ह्याचं पण घाला. दोघं इथेच राहतील."

"आई, ह्या लेकीला आणि तिच्या ह्या सोबत्याला ह्या घरात सुखी ठेव!" बुवांनी गाऱ्हाणं पुरं केलं.

"होय महाराजा!" सगळी वाडी ओरडली.

कोणाला पाठवायचं ते देवीला शिकवणारी मी कोण? आता हात जोडून एवढंच म्हणते, आई, तू ज्याला पाठवशील त्याला मी हाकलणार नाही.