जॅकवर बसवलेलं दार

कुठलीही गाडी दिसली की मिस्तरी तिचं दार उघडायचे, लावायचे, पुन्हा उघडायचे. मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "नाय बसत." माझ्या मुलीच्या लग्नात पाठवणीची गाडी निघालेली, बायका रडतायत, आणि हे गृहस्थ नवरीच्या बाजूचं दार दोनदा आपटून बघतायत. वर मला म्हणतात, "पेंटर, जावयाला सांग, बिजागरी ढिली हाय." आता काय बोलणार अशा माणसाला?

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमचा हा पडेगावच्या शेडमधला. ते डेंटर, मी पेंटर. ते गाडीचा पत्रा ठोकून सरळ करायचे, मी त्यावर रंग मारायचो. बरीच वर्षं एका पत्र्याखाली भांडलो. त्यांना पुट्टीचा भयंकर राग. मी खड्डे भरायला पुट्टीचा डबा उघडला की म्हणायचे, "झाक बाबा, माझं पाप झाक." हल्ली ते लेकीकडं पाचोडला असतात. शेडमध्ये येत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात एका हॉटेलवाल्यानं आजोबांचा जुना ट्रक आणला. दौलताबाद रोडला नवं हॉटेल निघत होतं, त्यासमोर उभा करायचा होता. केबिनचा पत्रा खालून पार कुजलेला. दाराच्या चौकटीला बोट लावलं तर चुरा पडायचा. मिस्तरी जाम खूश. असं काम मिळत नाही आता, सगळीकडं नवा भाग आणा आणि बोल्ट आवळा. त्यांनी सपाट पत्रा आणला, कापला, वाकवला, आणि ट्रकच्या अंगावर एकेक तुकडा चढवायला लागले.

काम निम्म्यात आलं आणि मिस्तरींची बायको, आमच्या वहिनी, गेल्या. सकाळी चक्कर आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं. मी खांदा दिला. मिस्तरी रडले नाहीत. सावडून झालं आणि दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन शेडमध्ये हजर.

"अहो, सुतक आहे," मी म्हणालो.

"घरी बसून काय करू? भिंती बघू?"

हॉटेलवाला कुरकुरला. नव्या धंद्याची गाडी आणि सुतकातला हात, असं त्याचं म्हणणं. मी सरळ सांगितलं, "मग घेऊन जा तुमचा ट्रक." ट्रक शेडमध्येच राहिला.

मिस्तरी ठोकत होते, घासत होते. चहा आला तर पीत, नाही आला तर विचारत नसत. कुणी भेटायला आलं की "बरं हाय" म्हणायचे. त्याच्या गाडीचं दार उघडून बघायचं मात्र त्यांनी सोडलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, काहीच वाटत नव्हतं. दिवसभर दोघं शेजारी राबायचो आणि आमचं साधं भांडणही होईना. एकदा मी पुट्टीचा डबा उघडला, तर म्हणाले, "लाव, किती लावायची ती." तेव्हा मात्र मी घाबरलो.

त्यांचा एक नियम होता. दार बसवायच्या आधी गाडीखालचा जॅक काढायचा. जॅकवर केबिन उचललेली असली की चौकट उगाच सरळ दिसते. गाडी खाली बसली की दार अडकतं. या एका चुकीपायी त्यांनी भल्याभल्या कारागिरांना शिव्या घातल्या होत्या.

त्या दुपारी ते ड्रायव्हरच्या जागी खोकं टाकून बसले आणि दार ओढून घेतलं. चौकट जोडून झाली होती, फट चारी बाजूंनी सारखी. "सोड जॅक," म्हणाले. मी सोडला. केबिन कुरकुरत खाली बसली आणि दार जाम झालं.

मला हसूच फुटलं. "मिस्तरी, तुम्ही? जॅकवर?"

ते हसले नाहीत. दाराला खांदा लावला, मग दोन्ही हातांनी ढकललं. "उघडत नाय," म्हणाले. पलीकडचं दार तर अजून बसवलंच नव्हतं, तिकडं नुसती मोकळी चौकट होती. मी ओरडलो, "अहो, तिकडून उतरा की!" त्यांना ऐकूच गेलं नाही. "उघडत नाय रे," म्हणत ते त्या बंद दारालाच धडका देत राहिले.

मी वळसा घालून गेलो, मोकळ्या चौकटीतून वर चढलो आणि त्यांच्याशेजारी खाली पत्र्यावरच बसलो. त्यांचे हात थांबले. समोर बघत म्हणाले, "पेंटर, ती गेली."

वहिनींच्या तिरडीची गाठ मी माझ्या हातानं बांधली होती.

"कधी?" मी विचारलं.

"मंगळवारी. सकाळी," ते म्हणाले. "चहा टाकला होता रे तिनं..." आणि रडत रडत त्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगितलं.