बाळाराम काकांचा स्टँड डाऊन

माझा नवरा सुनील गच्चीवरून खाली आला, तो बाळाराम काकांमुळे.

काल काका गेले.

ओवे गावचे काका. फौजेतले रिटायर्ड हवालदार. आमच्या जिन्यात धापा टाकत चढणारे, लोकरी टोपीवाले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलंय त्यांना.

सुनील फौजेतून नायक म्हणून रिटायर होऊन पनवेलला आला, तेव्हा स्टेशनवर हार, पेढे, फोटो सगळं झालं. मग लोक आपापल्या घरी गेले.

आणि सुनील गच्चीवर गेला.

रोज. ऊन कललं की हा निघालाच. पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा. हलायचं नाही, बोलायचं नाही. अंधार पडायचा, सगळ्यांची जेवणं व्हायची, तरी उभाच.

सिक्युरिटीची नोकरी लागली होती, ती गेली. संध्याकाळ झाली की गेट सोडून घरी यायचा ना! दुसरीकडेही तेच.

मी काय काय नाही केलं? चिडले, रडले, गच्चीला कुलूप लावलं. तर हा जिन्यात, बंद दाराशी उभा राहिला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन उभा राहिला.

खालच्या काकू म्हणाल्या, "बाहेरची बाधा असेल गं."
मी म्हटलं, "काकू, मला तुमचीच बाधा झालीय." (भांडखोर आहे मी. त्यात नवीन काय?)

बाळाराम काकांना कोणी सांगितलं, देव जाणे. कुठे फौजेतून परतलेला माणूस खचलाय असं कानावर आलं की हे आपली खटारा स्कूटर काढून हजर. पार उरणपर्यंत जायचे.

आले, पाणी प्यायले, म्हणाले, "कुठं हाय तो?"

"वर. थांबा, हाक मारते."

"नको गो पोरी. तो ड्युटीवर हाय."

मग त्यांनी मला समजावलं. बॉर्डरवर दिवस मावळताना, धड उजेड नाही आणि धड अंधार नाही अशा वेळी, हल्ल्याची भीती सगळ्यात जास्त. म्हणून सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या जागी उभं राहायचं. स्टँड टू. पूर्ण अंधार झाला की सीनियर सांगतो, स्टँड डाऊन. तोवर जागा सोडायची नाही.

"त्याला स्टँड डाऊन कोणी सांगितलाच नाय गो. तू काय सांगतेस, तर जेवायला चल!"

आणि हसायला लागले. "आमच्या बायकोनं तर मना भगताकडं नेलता. त्यानं कोंबडा मागितला. कोंबडा गेला, मी आपला बांधावर उभाच!"

काका वर गेले. सुनीलच्या शेजारी उभे राहिले. मी चहा घेऊन मागे. मला कोणी विचारेना.

ती संध्याकाळ मला अजून स्वप्नासारखी आठवते.

खाडीकडून खारट वारा येत होता. कर्नाळ्याचा सुळका आधी तांबूस, मग जांभळा, मग नुसती रेघ. बगळे घरी चालले होते. बिल्डिंगा, टॉवर, खालचा रस्ता, सगळं हळूहळू निळ्यात विरघळलं.

ही दोन माणसं तेवढी उरली.

मला वाटलं, आपण पनवेलमध्ये नाहीच. कुठेतरी खूप उंचावर आहोत. खाली बर्फ आहे, आणि सुनील इतके दिवस इथेच होता. मी उगाच त्याला घरात शोधत होते.

मग काका ताठ झाले. इतका मोठा आवाज त्या देहातून आला कुठून कोण जाणे.

"नायक सुनील! सगळं ठीक हाय. स्टँड डाऊन!"

सुनीलचे खांदे खाली आले. माझ्याकडे वळून म्हणाला, "चहा गार झाला का गं?"

मी तिथेच हुंदके देऊन रडले.

काका रोज येत राहिले. मग एक दिवसाआड. मग अधूनमधून, नुसते चहाला. सुनीलला झाडांच्या नर्सरीत काम लागलं, तेही काकांच्याच ओळखीने. आता संध्याकाळी तो रोपांना पाणी घालत असतो.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्हाला कोणी सांगितलं स्टँड डाऊन?"

ते बशीत चहा ओतत राहिले.

"मना कोण सांगनार गो? इथं मीच सगल्यात सीनियर. म्हणून तर संध्याकाळचा घरात बसवत नाय. निघतो कुनाकडं तरी."

ते हसले. मला नाही हसू आलं.

काल संध्याकाळी स्कूटर काढायला अंगणात आले आणि तिथेच खाली बसले. उठलेच नाहीत.

आज सकाळी सगळं आटोपून ओव्याहून परतलो. ऊन कललं, सुनील उठला आणि गच्चीवर गेला.

मी धावत वर गेले.

टाकीपाशी उभा. ताठ. तोंड ओव्याच्या डोंगराकडे.

"सुनील, खाली चल ना रे."

"काकांना सांगायचंय," तो म्हणाला. गालांवरून पाणी वाहत होतं. "पण मी नायक आहे गं. हवालदारांना मी हुकूम कसा देऊ?"

आई शप्पथ! अशा वेळीसुद्धा यांना रँक!

"मला कुठली रँक? मी देते."

थांबलो दोघं. डोंगर निळा झाला, मग रेघ, मग तीही गेली. मी अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडले,

"हवालदार बाळाराम! सगळं ठीक आहे. स्टँड डाऊन!"

खालच्या काकूंनी खिडकी उघडली.

सुनीलने सॅल्यूट केला. मग आम्ही खाली आलो आणि मी भात लावला.

काका, आता कुणाकडे निघायचं नाही हं. निवांत बसा.

तुमच्या सुनीलचा आणि माझा शेवटचा नमस्कार.